उमरेड रोडवरचा पट्टा

ऐंशीच्या दशकात मी पुण्याकडच्या एका मोटार कारखान्यात चाचणी विभागात नोकरीला होतो. मे महिना आला की साहेब लोक मला एक नवी गाडी देऊन माझ्या गावी, नागपूरला पिटाळत. आमच्या उन्हात जे टिकतं ते देशात कुठेही टिकतं, असा त्यांचा हिशेब होता, आणि तो चूक नव्हता. ब्रेक तापून सुस्तावतात का, डॅशबोर्ड वाकडा होतो का, हे बघायचं. त्या वर्षी यादीत सीटबेल्टही होता. साधी माणसं तो पट्टा कसा लावतात, साडीवर तो कसा बसतो, म्हाताऱ्यांना काचतो का, ते पाहून कळवायचं होतं.

पट्ट्याचं काम मी मागून घेतलं होतं. माझा थोरला भाऊ काही वर्षांपूर्वी उमरेड रोडवर अपघातात गेला. जीपमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी, एक पाय बाहेर सोडून बसला होता. तेव्हा सगळेच तसे बसत, त्यात ऐट होती. वळणावर जीप रस्ता सोडून खाली उतरली आणि तो बाहेर फेकला गेला. ड्रायव्हरला खरचटलंसुद्धा नाही. जीपची काचही शाबूत. थोड्याच दिवसांनी तीच जीप आमच्या चौकातून जाताना दिसली. लोखंडाला काही होत नाही आणि माणूस जातो, हे मला आजही सहन होत नाही.

आई त्यानंतर कधी मोटारीत पुढे बसली नाही. तिने एकदा तरी माझ्या शेजारी, पट्टा लावून, निर्धास्त बसावं, एवढीच माझी इच्छा होती. कारखान्याचा अहवाल वगैरे नंतरचं.

मी गल्लीतल्या लोकांना एकेक करून गाडीत बसवलं. तेव्हाचा पट्टा एका मापाचा, हाताने ओढून घट्ट करायचा, आणि एकदा आवळला की माणूस जागचा हलत नसे. पुरुष लावायचे आणि कोपरा यायच्या आत सोडायचे. बायका खांद्यावरचा भाग बगलेखालून घ्यायच्या, कारण पट्टा छातीवरून गेला की पदर विस्कटतो आणि चारचौघांत ते बरं दिसत नाही. तसा लावला तर धडकेत बरगड्या मोडतील, हे मी घसा कोरडा पडेस्तोवर सांगितलं. सगळ्या मान डोलवायच्या आणि पुन्हा बगलेखालून घ्यायच्या. उन्हात उभ्या गाडीतलं बक्कल इतकं तापे की दुपट्ट्याने धरावं लागे.

शेजारचे एक काका पट्टा आवळून घेताच गुदमरल्यासारखे झाले आणि म्हणाले, "काहून गा, जित्या माणसाले बांधून राहिला? बांधून तं तिरडीवर नेते."

सगळे हसले. आई दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. ती तांब्या तसाच घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी काढायला निघालो, तर ती मागून आली. "त्याले बांधलेलं पाह्यलं मी," ती म्हणाली. "तुले नाही पाहवत. माह्या डोळ्यासमोर तं नको लावू बाबू."

तिचं काही चुकत होतं असं मला वाटलं नाही. त्या मुक्कामात मी रोज घरासमोरून तसाच निघायचो आणि गल्ली संपली की गाडी थांबवून पट्टा लावायचो.

अहवालात मी लिहिलं की आमच्याकडच्या माणसांना पट्टा काचण्याची भीती नाही, बांधलं जाण्याची आहे. बैठकीत दोघंतिघं हसले. पण पुढच्या उन्हाळ्यात मला जी गाडी मिळाली तिच्यात चरखीचा पट्टा होता. माझ्या लिहिण्यामुळे नव्हे, त्याचं काम आधीपासूनच चाललं होतं. हा पट्टा चरखीतून सुटत येतो, माणसाबरोबर पुढेमागे होतो, आणि झटका बसला तरच जागच्या जागी अडतो. नागपूरच्या धुळीत आणि उन्हात ती चरखी बिनचूक अडते का, हेच मला तपासायचं होतं.

त्याच दिवसांत भिवापूरला बहिणीला मुलगी झाली. गाडी लांब पल्ल्यावर न्यायचीच होती, म्हणून मी आईला म्हणालो, चल. मागच्या सीटवर मोजमापाची यंत्रं ठेवली होती, जागा फक्त पुढे. रस्ता तोच, उमरेडचा. आई बराच वेळ अंगणात उभी राहिली. नातीला पाहायची ओढ होती म्हणून शेवटी बसली. मी पट्टा तिच्या खांद्यावरून घेतला आणि बक्कल लावलं. तिने डोळे मिटून घेतले होते.

"माय, जरा पुढं वाक."

ती वाकली. पट्टा तिच्याबरोबर आला. मागे टेकली, तोही मागे गेला. तिने डोळे उघडले.

"हा तं सोडते गा."

"सोडते. झटका बसला तरच धरते. ओढून पाह्य."

तिने पट्टा हळू ओढला, तो आला. मग हिसका दिला. खट्कन अडला. तिने पुन्हा हिसका दिला, पुन्हा अडला. ती देतच राहिली, जोराजोराने, दोन्ही हातांनी, ओठ घट्ट आवळून. मी तिला थांबवलं नाही.

"त्याले धरलं असतं यानं?" तिने विचारलं.

खोटं बोलावंसं फार वाटलं. नाही म्हटलं असतं तर तिला कदाचित सोपं गेलं असतं.

"धरलं असतं माय."

ती रडली. इतक्या वर्षांत मी तिला असं मोकळेपणी रडताना पाहिलं नव्हतं. मग पदराने तोंड पुसून तिने माझ्याकडे पाहिलं. मी सवयीप्रमाणे पट्टा न लावताच बसलो होतो, किल्लीला हात घालून.

"गाडी नको चालू करू," ती म्हणाली. "आधी तुहा लाव. माह्यासमोर लाव."