मिस्त्रीवरचा आळ

खरेदी केंद्रावरची नंबरांची यादी कॉम्प्युटर मिस्त्रीने उडवली, असं मी एकदा शंभरेक माणसांसमोर बोललो. ते खोटं होतं. यादी माझ्या हातून गेली. कशी गेली ते आता लिहून ठेवतो.

मी तेव्हा उमरखेड तालुक्यातल्या एका कापूस खरेदी केंद्रावर कारकून होतो. कापसाची ती वाईट वर्षं होती. भाव पडलेला, बोंडांत अळी, आणि केंद्रावर गाड्यांची रांग फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत. माप व्हायला चार-चार दिवस लागत. पूर्वी आम्ही नंबराच्या चिठ्ठ्या देत असू. पण लोक चिठ्ठ्या विकू लागले, तेव्हा मीच त्या बंद केल्या. वहीही बंद केली. नाव आणि नंबर फक्त कॉम्प्युटरमध्ये. साहेबांनी त्यासाठी माझं कौतुकही केलं होतं.

कॉम्प्युटर मात्र मंदावत गेला. बटण दाबून मी तंबाखू मळायला घ्यावी, ती तोंडात जाईपर्यंत एक नाव उघडावं. खिडकीशी उभे असलेले टोमणे मारत. "बाबूजी, तुमच्या पेटीपरीस आमचा बैल बरा. शेपूट पिळली का उठते तरी."

म्हणून उमरखेडहून मिस्त्रीला बोलावलं. मुसलमान माणूस, माझ्याहून थोडा लहान. आधी रेडिओ, मग टीव्ही आणि आता कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. तालुक्यातली बरीच कार्यालयं त्याच्याकडेच. त्याने मशीन पाहिलं आणि सांगितलं की सिस्टीम पुसून नव्याने टाकावी लागेल. सी ड्राइव्हवरचं सगळं जाईल, डीवरचं राहील, तेव्हा कामाच्या फायली आधी डीवर घ्या. मी त्याला चहाला पाठवलं आणि बॅकप स्वतः घेतला. पडद्यावरची चिन्हं एकेक करून डीवर ठेवली.

परत आल्यावर तो म्हणाला, "बाबूजी, एखादी फाइल उघडून देखू का?"

"कायले? वीस वर्षांपासून दप्तर सांभाळून राह्यलो मी."

त्याने सीडी घातली.

दुपारपर्यंत काम झालं. मशीन खरंच हलकं झालं होतं. मी डी ड्राइव्हमध्ये जाऊन यादी उघडली. फाइल सापडत नाही, असं आलं. दुसरी उघडली, तेच. प्रत्येक चिन्हाच्या कोपऱ्यात एक छोटा वाकडा बाण होता. तो मी रोज पाहत होतो, पण कशाचा आहे हे कधी कोणाला विचारलं नव्हतं. मी जिला फाइल समजत होतो ती फायलीकडे जाण्याची नुसती वाट होती. फाइल सीवर होती, आणि सी पुसून झाली होती. मिस्त्री माझ्या मागेच उभा होता. त्याला माझ्या आधी कळलं. "शॉर्टकट उचलले तुमी," तो हळूच म्हणाला.

यादी दिसत नाही हे खिडकीबाहेर पसरायला वेळ लागला नाही. कित्येक जण नंबर लावून बैलांचा चारा आणायला गावी गेलेले. त्यांचा नंबर कोणता हे आता कोणीच सांगू शकत नव्हतं, आणि जो तो पुढचा नंबर आपला म्हणू लागला. लोक आत घुसले. काय झालं, असं एकाने दरडावून विचारलं, तेव्हा मी मिस्त्रीकडे बोट केलं. "यानं उडवलं."

फाइल उघडून पाहू का हे आपण विचारलं होतं, असं तो सांगत होता. कोणी ऐकलं नाही. एकाने त्याची कॉलर धरली. पिशवी हिसकावली गेली, सीड्या पायाखाली आल्या. तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "बाबूजी, सांगा ना त्यायले."

मी पाठ फिरवून कपाटात जुनी वही शोधू लागलो. त्या वहीत त्या हंगामाचं एकही नाव नव्हतं, हे मला माहीत होतं.

मला साधी नोटीसही आली नाही. त्याला मात्र एकेका कार्यालयाने बोलावणं बंद केलं. दोन वर्षांत त्याचं दुकान उठलं.

मागच्या साली मी उमरखेडला जाऊन त्याला शोधलं. भाच्याच्या पंक्चरच्या दुकानात बसलेला असतो. त्याने मला बसायला स्टूल दिलं. मी सगळं कबूल केलं, माफी मागितली. तो ट्यूब चाचपत होता.

"मले कायले सांगता?" तो म्हणाला. "मले तं त्याच दिवशी मालूम होतं. त्यायले सांगा."

तेव्हापासून सांगत फिरतो आहे. पुष्कळ जण वारले. ढाणकीच्या बाजारात एक म्हातारा भेटला, कॉलर धरणारा तोच. चहाच्या टपरीवर त्याला बाणासकट सगळं समजावून सांगितलं. त्याने बशीतला चहा संपवला.

"असंल बाबूजी. पण तो मानूस काही बरा नोता. सारे म्हनत."

मी म्हणालो, ते माझ्यामुळे म्हणत होते.

"तुमी एकटे थोडीच होते," तो म्हणाला.

मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो. त्याची एसटी लागली होती. तो उठून गेला.