हाराखालची वायर
झेंडूचा वास आला की मला नाशिकच्या रक्तपेढीतला तो दिवस आठवतो; तिथले कॉम्प्युटर मी सांभाळतो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वणीचा एक माणूस बायकोसाठी दुर्मिळ गटाचं रक्त मागायला आला, आणि रक्तदात्यांची यादी ज्यात होती तो सर्व्हरच लागेना. मी पिंग केलं, म्हणजे माझ्या कॉम्प्युटरवरून सर्व्हरला हाक दिली. चारही वेळा उत्तर नाही. "सायेब, लय वेळ नाय हो," तो हळूच म्हणाला. "घरातला पहिला ग्रॅज्युएट म्हणून पेढे वाटलेस ना? मग बघ," रक्तपेढीचे डॉक्टर मला म्हणाले. मी सर्व्हरवरचा हार उचलला; खाली नेटवर्कची वायर सुटलेली दिसली. आदल्या दिवशी पूजेसाठी सर्व्हर पुढे ओढताना ती मीच काढली होती, परत लावायची राहिली होती. तसं सगळ्यांसमोर सांगितलं. वायर लावली, उत्तर आलं, दाता मिळाला. आजही दसऱ्याला सर्व्हरला हार मीच घालतो, पण पिंगला उत्तर आल्याशिवाय हात जोडत नाही.