खालच्या कप्प्यातला साक्षीदार

"उजेडात धरा, सिस्टर, मगच बोला."

भरलेली प्रत्येक सिरिंज भाऊ खिडकीपाशी नेत, एक डोळा मिटत आणि उजेडात धरत. सुईत दोरा ओवणाऱ्या माणसासारखे दिसत. अलिबागजवळच्या आमच्या इस्पितळात ते फार्मासिस्ट होते आणि मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर. ऐनवेळी आमची धावपळ नको म्हणून गुंगीची इंजेक्शनं ते सकाळीच सिरिंजमध्ये भरून फ्रिजमध्ये ठेवत. अशा एका खेपेला ते 'घाणा' म्हणत, जणू कढईत वडे सोडलेत.

प्रत्येक घाण्यातली एक सिरिंज मात्र ते कोणाला देत नसत. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ती महिना महिना पडून राही. तिचं नाव साक्षीदार. औषध टिकतंय की बिघडतंय, हे रोज सकाळी तिला उजेडात धरून ठरवायचं.

लेबलावर लिहिलेली वापरायची शेवटची वेळ टळली की सिरिंज बाद. तुम्हीही असा एखादा काटेकोर माणूस पाहिला असेल, आणि आमच्यासारखेच त्याला हसलाही असाल. भाऊ डब्यातल्या सोलकढीच्या बाटलीवरसुद्धा वेळ लिहीत. एकदा मी गंमत म्हणून तिथल्या '२'च्या आधी एक काढून '१२' केले. एक वाजता जेवायला बसल्यावर त्यांनी लेबल वाचलं आणि सगळी कढी मुकाट्याने बेसिनमध्ये ओतली. मी हसून हसून बेजार झाले.

मग तो दिवस आला. आदल्या दिवशी वीज गेली होती, जनरेटरही रुसला होता, फ्रिज दुपारभर कोमट होता. सकाळी टेबलावर पाय मोडलेला एक खलाशी कळवळत होता आणि भाऊंनी आदल्या दिवशी भरलेला अख्खा घाणा बाद केलेला.

"भाऊ, स्वच्छ दिसतंय की औषध!"

"आज दिसतंय. पन मला ह्याचा भरवसा न्हाय. तासभर द्या, नवीन भरतो."

तो तास खलाशाने ओरडून काढला आणि सर्जननी आमच्यावर ओरडून. रागाच्या भरात मी लेखी तक्रार केली: विनाकारण औषधाची नासाडी. आठवड्याभरात भाऊंना मागच्या गोदामात टाकलं, कापूस आणि पट्ट्यांची खोकी मोजायला. ते भांडले नाहीत. जाताना एवढंच म्हणाले, "त्या घाण्याचा साक्षीदार ठेवलाय. चार दिवसांनी बघा."

मी बघितलं नाही. महिन्याभराने फ्रिज साफ करताना तो हाती लागला. उजेडात धरला, तर आत बारीक काचेसारखे कण तरंगत होते. इतक्या दिवसांनी काहीही बिघडेल, अशी मी मनाची समजूत घातली. पण शेजारीच, वीज आल्यानंतर, खलाशाच्या त्या सकाळी भाऊंनी नव्याने भरलेल्या घाण्याचा साक्षीदार होता. जवळजवळ तेवढाच जुना, तरी तो नितळ होता.

मी कण असलेली सिरिंज कोणाला न दाखवता कचऱ्याच्या पिशवीत टाकली. तक्रार मागे घ्यायला एक कागद पुरला असता. मला लाज वाटली, आणि लाजेपोटी मी गप्प बसले. भाऊ गोदामातूनच निवृत्त झाले आणि किहीमला घरी गेले.

गेल्या वर्षी त्यांना आमच्याकडेच आणलं, श्वास लागलेला. श्वासासाठी घशात नळी घालायची होती, त्याआधी गुंगी द्यायची होती. सिरिंज माझ्या हातात होती. त्यांनी मला ओळखलं, मान खिडकीकडे वळवली. मी सिरिंज उजेडात धरली. लेबलही त्यांच्या डोळ्यांसमोर नेलं. त्यांनी ओठ हलवत वेळ वाचली.

"चालंल," ते म्हणाले.

मी औषध सोडलं. मग त्यांच्या कानाशी वाकून साक्षीदाराचं सगळं सांगितलं, माफीही मागितली. पण औषध ताजं होतं, त्यांच्याच पद्धतीने भरलेलं. माझं पहिलं वाक्य पुरं होण्याआधीच ते झोपले होते, आणि त्या झोपेतून पुन्हा उठले नाहीत.