ट्रेमेरेचं घराणं

कांबळे सर फळ्यावर इंग्रजी शब्द लिहीत नसत, त्याचं अख्खं घराणं मांडत. लातूरच्या आमच्या शाळेत ते इंग्रजी शिकवायचे, मी गणित. त्यांचं लाडकं घराणं लॅटिनमधल्या 'ट्रेमेरे'चं. अर्थ, थरथर कापणं.

"थोरली लेक ट्रेंबल, फ्रान्समार्गे इंग्लंडात नांदायला आली. ट्रेमर म्हंजे धरणीचा हादरा, किल्लारीकडच्या लोकांना शिकवायला नको. ट्रेमोलो इटलीत गाणं शिकला, कापऱ्या सुराचं. आन् ट्रेमेंडस म्हंजे ज्याच्यापुढं थरकाप व्हावा ते. तुम्ही भज्यालाबी ट्रेमेंडस म्हणायलात." पोरं हसायची. "आपला त्रास कदाचित यांचाच चुलता. तोबी मुळात कापणंच. पक्कं न्हाई, वहीत लिहू नका."

मग सरांचाच हात कापू लागला. फळ्यावरचं घराणं वेडंवाकडं उतरू लागलं. शिक्षक खोलीत कुजबुज झाली, "सकाळीच घेतली वाटतं." सर बौद्ध, पंचशील पाळणारे, दारूला उभ्या जन्मात न शिवलेले. तरी बैठकीत संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, "त्यांच्यात चालतंच की." एकालाही त्या वाक्याची लाज वाटली नाही. सरांना नांदेडच्या डॉक्टरांकडे मीच नेलं होतं. कंपवात आहे, हे मला ठाऊक होतं. पण माझ्या मुलाची नोकरी त्याच संस्थेत कायम व्हायची होती. मी चहा पीत राहिलो.

सरांचे वर्ग काढून घेऊन त्यांना ग्रंथालयात बसवलं. मी म्हणालो, "सर, अध्यक्षांना डॉक्टरांचा कागद दाखवा ना."

"शिंदे, तुमचा हात कापू लागला असता तर त्यांनी तुम्हाला दवाखान्याचा पत्ता दिला असता. मलाच कागद का?"



गेल्या महिन्यात सर वारले. शोकसभेत तेच अध्यक्ष गहिवरून म्हणाले, "विद्वान माणूस, व्यसनानं वाया गेला." समोर सरांची मुलगी प्रज्ञा बसली होती. मी उठलो. आजार सांगितला, बैठक सांगितली, ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं, माझं गप्प बसणंही सांगितलं. अध्यक्षांनी माईक बंद केला. चाळीस पोरांचा वर्ग सांभाळलेला गळा आहे माझा, मी तसाच बोललो.

प्रज्ञा दारात थांबली होती.

"बाबा म्हणायचे, शिंदे बोलतील एक दिवस. तुम्ही घरी आलात की त्याच आशेनं पायरीपर्यंत सोडायला यायचे ते, काका. त्यांना ऐकू येत होतं तेव्हा बोलायचं होतं."