माशाचं खाणं

माझा मुलगा हायस्कूलात विज्ञान शिकवतो. शाळेत शिकवून हौस भागत नाही, म्हणून त्यानं बदनापुरातल्या आमच्या घरात, बैठकीच्या खोलीत, खाऱ्या पाण्याची काचपेटी मांडली. पेटीत दगड, दगडांवर जिवंत पोवळी, आणि पोवळ्यांचं पाणी गरम होऊ नये म्हणून वरून पंखा. उन्हाळ्यात मी पदरानं वारा घेत बसते आणि पंखा पोवळ्यांना लागतो.

आमच्याकडं नळ आला की सगळं घर भांडी घेऊन धावतं. ते पाणी हा मशिनीतून गाळणार, निम्मं वाया घालवणार, आणि उरलेल्यात कुरिअरनं आलेलं समुद्राचं मीठ कालवणार. वाया गेलेल्या पाण्यात मी भांडी घासते. एवढंही मी चालवून घेतलं होतं.

मग त्यानं एक मासा आणला. बोटाएवढा, निळा, अंगावर नारिंगी नागमोडी रेघा. देखणा होता, खोटं कशाला बोलू. पण पेटीत सोडल्यावर कळलं की तो विकतचं खाणं तोंडात धरत नाही. दगडांवरचे जिवंत किडे टिपतो, दिवसभर. त्या किड्यांना कोपेपॉड म्हणतात. खसखशीहून बारीक, पांढरे, झटके देत पळतात.

"मंग सोड की किडे," मी म्हणाले.

"तसं न्हाई माय. आधी किडे सोडायचे. त्यांची पैदास वाढू द्यायची, चांगली काही महिने. मंग मासा आणायचा."

"आन तू काय केलं?"

"मासा आधी आणला."

"पोरांला असंच शिकवतो का रे?"

सून स्वयंपाकघरातून म्हणाली, "आत्याबाई, मला बी आधी आणलं अन् गॅस मागून आणला."

किड्यांची बाटली मागवली. यानं ती भर दुपारी, दिवे चालू, पंप चालू, तशीच पेटीत ओतली. मासा होता समोरच. त्यानं जेवढे खायचे तेवढे खाल्ले, बाकीचे पंपानं ओढून घेतले. दगड पुन्हा साफ. मग हा मोबाइलवर वाचत बसला, आणि वाचलेलं सगळं मला ऐकवत बसला. किडे अंधारात सोडायचे. पंप बंद ठेवायचे. पेटीच्या मागच्या कप्प्यात शेवाळ वाढवलंय, तिथं सोडायचे, कारण तिथं मासा पोहोचत नाही. तिथं ते वाढतात आणि थोडे थोडे पुढं येतात. मी म्हटलं, हे बाटली ओतायच्या आधी वाचता येत नव्हतं का?

पुढची बाटली त्यानं पेटीत न ओतता अंगणात मोरीशेजारी दोन बादल्यांत रिकामी केली. खारं पाणी, त्यात हवेची नळी, आणि रोज पेलाभर बारीक शेवाळाचं हिरवं पाणी, ते किड्यांचं खाणं. म्हणजे माशासाठी किडे पाळायचे आणि किड्यांसाठी हिरवं पाणी पाळायचं. बादल्या किड्यांनी भरल्या, पण मासा तोवर वाळत गेला. पोट आत ओढलं, पाठीचं हाड दिसायला लागलं. दगडावर टिपायचा, काही मिळायचं नाही, तरी टिपत राहायचा. घरात उपाशी जनावर ठेवलेलं मला चालत नाही, मग ती म्हैस असो की बोटाएवढा मासा. मी मुलाला रोज बोलायची. "रविवारी सोडतो," तो म्हणायचा.

रविवारच्या आधी आला कोरडा दिवस. डासांच्या आळ्या होऊ नयेत म्हणून त्या दिवशी गल्लीत सगळ्यांनी साठवलेलं पाणी ओतून भांडी कोरडी करायची. शाळेतल्या पोरांची फेरी काढून गल्लीला हे सांगितलं आमच्याच मास्तरनं. आणि आरोग्य केंद्राच्या ताईला यानंच सांगून ठेवलं होतं, "ताई, सुरुवात माझ्या घरापासून करा, म्हणजे लोक ऐकतील."

तिनं बराबर ऐकलं. हा शाळेत. मी विहारातून येऊन चप्पल काढते तोवर तिनं एक बादली मोरीत पालथी घातली होती आणि दुसरीत बॅटरी मारून बघत होती.

"आजी, आळ्याच आळ्या! वळवळ करून राह्यल्या बघा. अन् मास्तरच्या घरात!"

"आळ्या न्हाईत त्या. माशाचं खाणं हाय."

"सगळे असंच म्हणतात. शेजारीन म्हणली, देवाचं पाणी हाय."

"चाखून बघ. मिठाचं हाय."

तिनं खरंच बोट बुडवून चाखलं आणि थुंकली. "खाऱ्या पाण्यात बी होतात म्हणं डास. ओता न्हाईतर औषध टाकते."

पिशवीतून तिनं औषधाची बाटली काढलीच. तिच्याशी वाद घालायला माझ्याकडं शिक्षण नव्हतं, आणि ज्याच्याकडं होतं तो शाळेत. मी बादली उचलली आणि घरात निघाले. ती मागून, "आजी, पडाल!"

पेटीमागं बटणांची रांग. कुठलं पंपाचं, कुठलं दिव्याचं, देव जाणे. मी दारामागचा मेन स्विच खाली ओढला. पंप थांबले, दिवे गेले, स्वयंपाकघरात मिक्सरही थांबला.

"आत्याबाई, लाईट गेली का?"

"मी घालवली. पडदे ओढ जल्दी."

सुनेनं पडदे ओढले. मी मागच्या कप्प्यात, शेवाळावर, तांब्यानं बादली रिकामी केली आणि पालथी करून ताईला दाखवली. "घे. कोरडी झाली."

संध्याकाळी मुलाला सगळं सांगितलं. पहिला प्रश्न काय विचारावा त्यानं?

"गाळून टाकले का? बादलीतलं घाण पाणी पेटीत जाऊ द्यायचं नसतं, माय."

मी रिकामी बादली त्याच्या हातात दिली.

पोवळी दोन दिवस मिटून राहिली, मग उघडली. पुढं काचेवर पांढरे ठिपके दिसायला लागले, झटके देत पळणारे. कमी झाले नाहीत, वाढतच गेले. मासा टिपायचा आणि आता गिळायचा. हळूहळू पोट भरलं, हाड दिसेनासं झालं. मुलानं मोबाइलवर मित्रांना फोटो पाठवला आणि मोठ्यानं सांगत होता, "मागच्या कप्प्यात सोडले, त्याच्यामुळं जमलं."

मग माझ्याकडं वळून म्हणाला, "माय, एकटाच हाय तो. जोडीला मादी आणावी म्हणतो."

"आण," मी म्हणाले. "पर तिच्या वाट्याचे किडे आधी दाखव मला, काचेवर."

अजून आणलेली नाही.