रकान्यातलं ‘होय’

तारापूरजवळच्या एका मच्छीमार गावात मी ग्रामसेवक होतो. गावाच्या टोकाला एक मावशी राहायच्या. सुके बोंबील घेऊन बोईसरच्या बाजारात बसायच्या. ग्रामसभेत इतर बायका मागे बसत, या पुढे येऊन विचारायच्या, “भाऊसाहेब, आमचे आळीला पाणी कवा?”

एका वर्षी त्यांच्या आळीतही घरोघरी नळ बसले. टाकीपासूनची मुख्य लाइन मात्र अर्धीच राहिली, त्यामुळे नळांना पाणी आलंच नाही.

त्याच सुमारास पालघरला आमचं प्रशिक्षण झालं. गावाचा आराखडा आणि खर्च शाश्वत विकासाच्या ध्येयांना जोडून ऑनलाइन भरायचा होता. ‘प्रत्येक घरी नळजोडणी आहे का?’ या रकान्यापाशी मी थांबलो. तालुक्याच्या साहेबांना फोन केला.

“नळ बसलेत ना? जोडणी विचारलीय, पाणी नाही विचारलेलं.”

मी ‘होय’ भरलं. तेव्हा मला ते खोटं वाटलं नव्हतं, असं म्हणायला जीभ रेटत नाही.

मे महिन्यात आळीची विहीर मचूळ झाली. मी टँकर मागितला. घरोघरी नळ असलेल्या गावाला टँकर मिळत नाही, असा शेरा मारून प्रस्ताव परत आला. बायका शेजारच्या वाडीतल्या विहिरीवर जाऊ लागल्या. तिथून येताना बांधावर मावशींचा पाय घसरला आणि खुबा मोडला.

मी भेटायला गेलो तेव्हा त्या खाटेवर पडून होत्या. सुनेने मला बसायला खुर्ची दिली. मी सगळं सांगून टाकलं. रकाना, फोन, सगळं.

मावशींनी मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाल्या, “मंग आता ‘नाय’ लिव.”

दुसऱ्या दिवशी मी तालुक्याला माहिती चुकीची भरल्याचं पत्र दिलं आणि ग्रामसभेत ते वाचून दाखवलं. मला नोटीस आली. टँकरही आला, पण पाऊस तोंडावर आल्यावर. मावशी पुन्हा उठल्या नाहीत, श्रावणात गेल्या.

पुढे माझी बदली डोंगराकडच्या गावात झाली. जाण्याआधी मृत्यूच्या नोंदीसाठी त्यांची सून कार्यालयात आली होती. व्यवसायाच्या रकान्यात काय लिहू, मी विचारलं.

“काय नाय, घरीच व्हती,” ती म्हणाली.

मी ‘मासळी विक्री’ लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. ती तिथेच बाकावर बसून रडली.