हळदीच्या मांडवाखालची गल्ली

मुलुंडहून घाटकोपरला बसने निघालो, तेव्हा मी भांडायच्या तयारीत होते. आमच्या घरात चळवळीची पत्रकं मी शाळेच्या पुस्तकांआधी वाचली आहेत. शेजारी बसलेली माझी मैत्रीण नीलिमा एका डोंगरउतारावरच्या वस्तीचं डिजिटल प्रारूप करत होती. ड्रोनने वरून फोटो काढायचे, त्यांतून कॉम्प्युटरवर वस्ती उभी करायची आणि तिच्यावर पाऊस पाडून पाणी कुठे धावतं ते बघायचं. त्यावरून नव्या नाल्याची वाट ठरली होती, आणि ती वस्तीत राहणाऱ्या सुलभाकाकूंच्या खोलीतून जात होती. सोमवारी आराखडा वॉर्ड ऑफिसात द्यायचा होता.

"तुझ्या कॉम्प्युटरला माणसं दिसतात का गं?" मी विचारलं.

"छपरं दिसतात. म्हणून तर चाललोय."

रिक्षा जिथे थांबते तिथून पायऱ्या सुरू झाल्या. तिसऱ्या वळणावर माझ्या चपलेचा अंगठा तुटला, उरलेला चढ अनवाणी. वर पोचल्यावर दूर ट्रॉम्बेची टेकडी स्वच्छ दिसली. वारा असा होता की घडीभर राग विसरले.

काकू मूळच्या मालवणकडच्या. नवऱ्याची गिरणी बंद पडल्यावर दोघांनी ही खोली विटा वाहून बांधलेली. त्यांनी घावणे (तांदळाच्या पिठाची जाळीदार धिरडी) आणि ओल्या खोबऱ्याची चटणी पुढे ठेवली. नीलिमाने लॅपटॉप उघडला. काकूंनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि दारापुढची गल्ली कुठे गेली, असं विचारलं. तिथे सलग निळं छप्पर आहे, नीलिमा म्हणाली.

"छप्पर खयचा गो? हो माझ्या चेडवाच्या (मुलीच्या) हळदीचो मांडव!"

ड्रोन उडाला त्याच दिवशी गल्लीभर ताडपत्री ताणलेली होती. कॉम्प्युटरने मांडवाला इमारत मानलं, गल्ली बुजवली आणि पाण्याला काकूंच्या घरातून वाट दिली.

मला जोर चढला. वरून शहर आखणाऱ्यांवर मी बोलू लागले, तर काकूंनी मोजायच्या टेपचं टोक माझ्या हातात दिलं. "भाषण मागाहून कर. आधी ह्यां धर."

दुपारभर गल्ली मोजली. शेजारणी भिंतीवर हात ठेवून, कुठल्या पावसात पाणी कुठवर आलं ते सांगत होत्या. हळदीला बोलावलं नाही म्हणून कॉम्प्युटर रुसला, असं एक म्हणाली.

संध्याकाळी नीलिमाने प्रारूपातली गल्ली मोकळी करून पाऊस पाडला. निळी रेघ काकूंच्या दारासमोरून वळून खाली उतरली. नाला गल्लीतून, लाद्यांखालून नेता येत होता.

"परत पाड," काकू म्हणाल्या. तिसऱ्यांदाही खोली कोरडी राहिली, तेव्हा त्यांनी चष्मा काढला.

परतीच्या बसमध्ये पाय ठणकत होते, पण मन भरलं होतं. लोकांना न दाखवता केलेल्या आराखड्यांवर माझा राग कायम आहे. पण असा आराखडा दारात नेऊन उघडला, तर त्यातली चूक काकू काढतात आणि ती दिवसभरात सुधारते, हे मी डोळ्यांनी पाहिलं. तो हक्क डोंगरावरच्या प्रत्येक घराला हवा.

सोमवारी आराखडा गेला. त्यात गल्ली आहे, आणि तिची रुंदी मी मोजलेली आहे.